खुंट आणि काडी

"दार लावून घे," परकार सर म्हणाले. "आणि बस. उभ्यानं ऐकायची गोष्ट नाही."

मी दार लावलं, पण बसले नाही. कुणी बस म्हटलं की उभं राहायचं आणि जेव म्हटलं की पोट भरलंय म्हणायचं, असा त्या दिवसांत माझा खाक्या होता. मी वनजा येमूल, सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आई विड्या वळायची. आमच्या अख्ख्या गल्लीतून कृषी विद्यापीठात गेलेली मी पहिलीच. 'सोबत' नावाच्या शिष्यवृत्तीवर कोकणातल्या त्या डोंगरावर आले आणि पहिल्याच वर्षी उद्यानविद्येच्या प्रात्यक्षिकात सपशेल आपटले. मी बांधलेली आंब्याची कलमं एकजात सुकली होती.

"नियम तुला माहीत आहे. विषय राहिला की शिष्यवृत्ती थांबते."

"माहीत आहे सर. ट्रंक भरून ठेवलीये मी."

"ती खाटेखाली ढकल. आधी माझं एक काम कर."

आमच्या शिष्यवृत्तीची रीत अशी होती की नव्या मुलाला वरच्या वर्गातला एक सोबती मिळायचा. मुलींच्या बाबतीत सोबतीण. मला पहिल्या वर्षी जी मिळाली होती तिला मी महिन्याभरातच 'मला काही लागत नाही' असं सांगून वाटेला लावलं होतं.

"दर्शना आरोलकर म्हणून मुलगी आलीये," सर म्हणाले. "वेंगुर्ल्याकडची. फार बुजलेली आहे, कधी उठून घरी जाईल याचा नेम नाही. तिची सोबतीण हो. दिवाळीच्या आधी समिती बसते. तिथं नव्या मुलीलाच विचारतात, सोबतिणीनं तुझ्यासाठी काय केलं. तोवर तुझा राहिलेला विषय सुटला आणि तिनं चार शब्द चांगले सांगितले, तर तुझी शिष्यवृत्ती परत सुरू करा म्हणून मी भांडेन. तोपर्यंत तुझ्या मेसचं मी बघतो."

"आणि ती पळाली तर?"

"तर तूही ट्रंक बाहेर काढ," सर म्हणाले आणि समोरचे कागद चाळायला लागले.

परत जाणं म्हणजे काय ते मला नीट ठाऊक होतं. आईशेजारी बसून विड्या वळायच्या आणि पुढच्या लग्नसराईत आत्याच्या मुलाच्या गळ्यात माळ घालायची. मुलगा वाईट नव्हता. पण मला झाडांमध्ये राहायचं होतं आणि हे घरात कुणाला समजावून सांगता येत नव्हतं. म्हणून मी सरांना हो म्हटलं आणि मनातल्या मनात त्या दर्शनाला चार शिव्या घातल्या. सरांनी माझं सगळं आयुष्य एका बुजऱ्या पोरीच्या पदराला बांधून ठेवलं होतं.

ती दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला दारात येऊन उभी राहिली. सावळी, किडकिडीत, केसांना भरपूर खोबरेल.

"ताई, मेसमध्ये एकटीनं जायला भय वाटतं. याल का माझ्याबरोबर?"

मी तेव्हा घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खोलीत बसून खायचे. मेसमध्ये गेलं की सगळ्या नजरा 'ही ती नापास झालेली' म्हणत अंगावर येतात असं मला वाटायचं. पण पोर पळाली तर मीही संपले.

"मेसला काय घाबरायचं गं? तिथं वाघ बसलाय का?" असं म्हणून मी चप्पल घातली.

तेव्हापासून रोज दोन्ही वेळा ती दारात हजर. मी सोबत नसले तर हिला घास गिळायचा नाही. आणि भीती एका मेसची असती तर गोष्ट वेगळी. ग्रंथालयातल्या बाईंची भीती. ऑफिसातल्या क्लार्कची भीती. रोपवाटिकेकडे जाणाऱ्या पायवाटेवर सापांची भीती. "ताई, तुम्ही पुढं व्हा ना," म्हणायची. मी सोलापुरात वाढलेली, साप पाहिला तो नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीत. पण सोबतिणीनं घाबरून कसं चालेल? मी पाय आपटत, घसा खाकरत पुढं चालायची आणि मागून ही निवांत.

एकदा आमच्या व्हरांड्यात भलामोठा खेकडा शिरला. मी खुर्चीवर चढले. दर्शनानं तो पाठीकडून चिमटीत उचलला, कठड्याबाहेर टाकला आणि हात ओढणीला पुसत म्हणाली, "तर ताई, मी सांगत काय होते, त्या क्लार्ककडे जायला मला फार भय वाटतं." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण आपल्याशिवाय कुणाचं तरी अडतंय ही भावना फार गोड असते, आणि मला ती पहिल्यांदाच मिळत होती.

मग तिनं कलमांचा विषय काढला.

"ताई, आम्हाला पुढं कलम बांधायला लावतात म्हणे. माझं डोकं चालत नाही त्यात. तुम्ही शिकवाल?"

 हिला कुणी सांगितलं नव्हतं वाटतं, की मी त्याच विषयात आपटले आहे. नाही म्हणावं तर सोबतीण कसली? त्या संध्याकाळी मी ग्रंथालयातून पुस्तक आणलं आणि वर्षभरात वाचलं नव्हतं तितक्या आस्थेनं वाचलं.

कोय कलमाचं काम दिसायला सोपं असतं. आंब्याच्या कोयीतून नुकतंच वर आलेलं तांबूस रोप हा खुंट. चांगल्या जातीच्या झाडाची शेंड्याकडची फांदी ही काडी. खुंट वरून कापून मधोमध चीर द्यायची, काडीला पाचरीसारखा काप द्यायचा, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं. मग वाट बघायची. काडीनं जीव धरला तर शेंड्याला पालवी फुटते, नाहीतर ती काळी पडते. माझ्या काळ्याच पडायच्या.

रोपवाटिकेच्या सावलीत आम्ही दोघी पाटावर बसलो. मी शिकवत होते आणि दर्शना डोळे मोठे करून बघत होती.

"ताई, काडी जाड आणि खुंट बारीक असला तरी चालतं?"

"न चालायला काय झालं? बसली म्हणजे झालं."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "म्हणजे साल कुठंच सालीला लागली नाही तरी चालतं?"

मी पुस्तक उघडलं. चालत नव्हतं. खुंट आणि काडी सारख्या जाडीची हवी, आणि नाहीच मिळाली तर निदान एका बाजूनं तरी साल सालीला लागायला हवी. गेल्या वर्षी मी हाताला येईल ती काडी उचलून ठोकून दिली होती.

"नाही चालत," मी मास्तरणीच्या आवाजात म्हटलं. "आणि का नाही ते ऐक. सालीच्या आत एक हिरवा, ओलसर थर असतो. वाढ सगळी तिथंच होते. खुंटाचा थर काडीच्या थराला भिडला तरच दोघं एक होतात. नुसतं लाकडाला लाकूड लावून काही होत नाही."

ती क्षणभर हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली. "असं आहे होय," म्हणाली.

तिचे प्रश्न संपायचे नाहीत. चाकू एकदाच ओढायचा की असा घासत घासत? कापलेल्या जागेला बोट लागलं तर? पट्टी खालून वर गुंडाळायची की वरून खाली? एक गोष्ट दहादा विचारायची. मी वैतागून म्हणायची, "काय गं, कितीदा सांगायचं?" आणि पुन्हा करून दाखवायची. तिचं स्वतःचं कलम मात्र अगदी गबाळं व्हायचं. मी ते सोडायची, परत बांधायची, आणि बांधता बांधता माझ्या बोटांना कळत गेलं की पट्टी किती ओढायची. श्रावण उतरता उतरता माझ्या एका काडीच्या शेंड्याला तांबूस पालवी फुटली. मी दर्शनाला मिठीच मारली.

"बघ, जमतं की नाही? तुलाही जमेल. फक्त धीर सोडायचा नाही."

"हो ताई," ती म्हणाली. फार खूश दिसली. मला वाटलं, माझ्यासाठी.

तरी माझ्या मनातलं घरी जायचं भूत गेलं नव्हतं. गणपतीच्या सुट्टीत मी ते बाहेर काढलं. म्हणजे ट्रंक बाहेर काढली. वसतिगृह रिकामं होणार होतं. कोकणात गणपतीला कुणी बाहेर राहत नाही, मुंबईतला माणूससुद्धा उभ्यानं प्रवास करून येतो. घरून मामानं निरोप पाठवला होता की आता पुरे झालं, परीक्षेत पुन्हा नाक कापून घेण्यापेक्षा ये. मलाही ते पटायला लागलं होतं. एक पालवी फुटली म्हणून काय परीक्षा सुटते? सगळ्या गेल्या की गुपचूप बस पकडायची आणि परत यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

सकाळी दार उघडलं तर दर्शना उंबऱ्यावर बसलेली.

"तू गेली नाहीस?"

"नाही."

"अगं, उद्या गणपती."

"यंदा नाही जायचं. कलमांना पाणी कोण घालणार? आणि मला एकटीला इथं भय वाटेल. तुम्ही आहात ना?" असं म्हणताना तिनं माझ्या मागं, खाटेवरच्या ट्रंकेकडे पाहिलं.

आता हिला एकटीला सोडून कसं जायचं? मी ट्रंक पुन्हा खाली ढकलली. घरी काहीतरी भांडण झालं असेल अशी समजूत करून घेतली. खरं सांगायचं तर आतून सुखावलेच होते. माझ्याशिवाय हिचं पान हलत नाही, अगदी गणपतीलासुद्धा.

चतुर्थीच्या दुपारी मेस बंद होती. आम्ही स्टोव्हवर खिचडी टाकायचं ठरवलं. खालच्या वाडीतून टाळांचा आणि आरतीचा आवाज वर येत होता. दर्शना कठड्याला टेकून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

"चल, कांदे चिर," मी म्हटलं.

ती बसली आणि चिरता चिरता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. समोर कांदे होते, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

सुट्टी संपली, परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी कलमं एकेक हातात घेऊन पाहिली, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. विषय सुटला. आता उरली होती समिती, आणि दर्शनाचे चार शब्द. तिची मला काळजी नव्हती. त्या पोरीसाठी मी काय नव्हतं केलं?

समितीत परकार सर होते, आणखी दोन प्राध्यापक होते आणि मधोमध जोगळेकर बाई. त्यांच्या वडिलांनी ही शिष्यवृत्ती सुरू केली होती आणि बाई दरवर्षी पुण्याहून येऊन स्वतः चौकशी करायच्या. चेहरा करारी, बोलणं मोजकं. आम्हा दोघींना एकदमच आत बोलावलं.

"हं, दर्शना. वनजानं तुझ्यासाठी काय काय केलं, सांग."

दर्शना गोंधळली. तिनं परकार सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे बघत होते.

"माझ्यासाठी?"

"तुझी सोबतीण ना ती?"

"नाही," दर्शना म्हणाली. "म्हणजे, मी त्यांची."

 बाईंनी चष्मा काढला.

"पहिल्या वर्षाची मुलगी वरच्या वर्गातल्या मुलीची सोबतीण? हे कुणी ठरवलं?"

"सरांनी. दार लावून घे म्हणाले आणि मग सांगितलं."

"काय सांगितलं?"

दर्शनानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "की सोलापूरची एक मुलगी आहे. हुशार आहे, पण ट्रंक भरून बसलीये. जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. मदत करायला गेलीस तर हाकलून देईल. म्हणून तिला मदत करू नकोस, तिच्याकडे मदत माग."

 मला सगळ्यांचा राग आला, सरांचा, तिचा, आणि सर्वांत जास्त त्या खेकड्याच्या वेळी खुर्चीवर चढलेल्या माझा. शिष्यवृत्ती तर गेलीच होती. ज्या पोरीनं चांगलं सांगायचं, तीच सांगत होती की मी सोबतीण नव्हतेच.

"मग तू सांग," बाई माझ्याकडे वळल्या. "हिनं तुझ्यासाठी काय केलं?"

'काही नाही' असं तोंडावर आलं होतं. जुनी सवय. पण बाई वाट बघत होत्या आणि मी बोलायला लागले.

"ती मला मेसला... म्हणजे मी तिला न्यायची. रोज. आणि ग्रंथालयात. आणि कलमं मी तिला शिकवली."

परकार सरांना हसता हसता ठसका लागला. "कुणाला? आरोलकरांच्या मुलीला?" मग ते बाईंना म्हणाले, "बाई, आपल्या रोपवाटिकेत ज्यांच्या काड्या कापतो त्यातले निम्मे मातृवृक्ष हिच्या वडिलांनी दिलेले आहेत. ही पोर शाळेत जायच्या आधी कलमं बांधायला बसली असेल."

मी दर्शनाकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. काडी जाड असली तर चालतं? चाकू एकदाच ओढायचा? पट्टी खालून वर? तिचा एकेक प्रश्न मला आठवला, आणि मी गेल्या वर्षी केलेली एकेक चूकही. तिनं अगदी क्रमानं विचारल्या होत्या.

"आणि गणपतीला?" मी समितीला विसरून तिलाच विचारलं. "पाणी घालायला थांबले म्हणाली होतीस."

"पाणी घालायला माळीकाका होते की."

"मग?"

"ट्रंक खाटेवर होती ना, ताई."

परकार सरांचं हसू मावळलं. "तू गणपतीला घरी गेली नाहीस? हे काही मी सांगितलं नव्हतं." मग हळू आवाजात बाईंना म्हणाले, "बाई, आमच्याकडची मुलगी गणपतीला घरी नाही, म्हणजे..."

"मला कळतं," बाई म्हणाल्या.

मी रडले. चारचौघांत, बाईंच्या टेबलासमोर उभी राहून, नाक ओढत रडले. वर्षभर अडवून धरलेलं सगळं आलं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि मी तो घेतला. नको म्हटलं नाही.

"हिनं तुला खरंच काही दिलं नाही का गं?" बाईंनी दर्शनाला विचारलं.

"दिलं ना. बाबांनी मला बांधायचं कसं ते शिकवलं. का ते कधी सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नव्हतं. सालीतल्या हिरव्या थराचं मला ताईंनी सांगितलं. मी फोनवर बाबांना सांगितलं, तर ते आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला साल सोलून दाखवतात."

बाई पहिल्यांदाच हसल्या. "परकार, या दोघींत सोबतीण कोण हे मी लिहू कसं?"

"तुम्ही म्हणाल तसं," सर म्हणाले.

"काही लिहायला नको. दोघींचीही शिष्यवृत्ती चालू ठेवा."

बाहेर आल्यावर मी दर्शनाच्या पाठीत एक धपाटा घातला.

"इतकं गबाळं बांधायला कशी शिकलीस गं?"

"फार जड गेलं," ती म्हणाली. "हात आपोआप बरोबर जायचे. बाबांनी बघितलं असतं तर मारलंच असतं मला." मग थांबून म्हणाली, "तू रागावलीस?"

तिनं मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं. ती आजतागायत तसंच म्हणते, फोनवर भांडताना तर जरा जास्तच. आमच्यातली सोबतीण कोण, हा वाद अजून मिटलेला नाही. सोलापूरच्या माझ्या रोपवाटिकेत ती येते तेव्हा पहिल्यांदा माझ्या कलमांच्या पट्ट्या ओढून बघते.

पण मला आठवतो तो त्यानंतरचा गणपती. आम्ही दोघी बसमधून उतरलो, माडांच्या बागेतून चालत तिच्या घरी गेलो. या खेपेला पुढं ती होती आणि मागं मी, कारण आता ढोंग करायचं कारण उरलं नव्हतं आणि वाटेवर गवत पोटरीपर्यंत आलं होतं. अंगणाच्या कडेला पोत्यावर बसून तिचे वडील कलमं बांधत होते. त्यांनी मान वर केली, हसले, हातातली काडी माझ्यापुढं धरून तिची साल नखानं उचकटून दाखवली.

तिची आई आरतीचं ताट घेऊन ओटीवर आली. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिली. मी संकोचून गेले. गेल्या वर्षी या घरात गणपतीपुढं एक पोर कमी होती ती माझ्यामुळं, आणि हे तिलाही माहीत होतं.

"हीच काय ती सोलापूरची?" तिनं दर्शनाला विचारलं.

"हीच."

तिनं ताट माझ्या हातात दिलं आणि डोक्यावरून पदर घेत म्हणाली, "ये गो बाय. तुका येवक एक वरस उशीर झालो."